उल्लीची खुर्ची

सलोमाचा सेलरीचा वाफा अगदी रस्त्याला लागून होता, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

अमेरिकेत लँकेस्टरकडच्या आमिश लोकांत, म्हणजे अजूनही जुन्या पद्धतीने शेती करून राहणाऱ्या ख्रिस्ती पंथात, लग्नं नोव्हेंबरात होतात आणि लग्नाच्या जेवणाला सेलरी लागते. ती साईच्या रश्शात शिजवतात, कोंबडीच्या सारणात घालतात, शिवाय काचेच्या बरण्यांत फुलांसारखी उभी करून टेबलांवर मांडतात. पण लग्न ठरल्याचं ऑक्टोबरातल्या रविवारच्या प्रार्थनेत पुकारेपर्यंत कोणी तोंडातून काढायचं नाही, अशी रीत. त्यामुळे जुलै आला की बग्गीतून जाणाऱ्या बायकांचं लक्ष घोड्याकडे कमी आणि लोकांच्या वाफ्यांकडे जास्त. दोन-चार ओळी म्हणजे घरच्या सूपापुरती लावली आहे. वाफा कुंपणापर्यंत गेला, म्हणजे मुलगी उजवायची आहे.

सलोमाचा वाफा कुंपणापर्यंत गेला होता.

"काय गं सलोमा, यंदा सूप फारच आवडायला लागलं तुम्हाला?" बग्गी हळू करून कोणीतरी विचारायचं.

"हो ना! येताना मोठा चमचा घेऊन ये," सलोमा खाली वाकल्या वाकल्याच म्हणायची, आणि तिची थोरली मुलगी केटुरा लाल होऊन कोठारामागे पळायची.

अशाच एका सकाळी रिबेका आली. केटुराचं ज्याच्याशी जमलं होतं त्या बेन्युएलची ही आई. मागच्या आठवड्यात सलोमाने तिच्याकडे चेरी भरून भाजलेलं 'पाय' पाठवलं होतं, त्याची थाळी परत द्यायला आली होती. थाळी रिकामी होती. त्या लोकांत भांडं रिकामं परत करत नाहीत, गेला बाजार चार टोमॅटो तरी घालतात. सलोमाने थाळीकडे पाहिलं आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखलं.

ओसरीवर धाकटी मलिंदा तिच्या खुर्चीत बसली होती. मलिंदा सहा वर्षांची. वर्षाची असताना एकदा तापली आणि एका रात्रीत तिचं अंग तिच्या ताब्यातून गेलं. मान धरवत नाही, हात भलतीकडेच जातात, बोलता येत नाही. पण कळतं सगळं. हो म्हणायचं असेल तर ती डोळे वर करते, आणि विनोद झाला की घरात सगळ्यांच्या आधी हसते.

"आम्ही विचार केला," रिबेका म्हणाली. "बेन्युएल लहान आहे अजून. आणि हे असं..." तिने हनुवटीने मलिंदाकडे दाखवलं. "उद्या त्याच्या पोटी असलं निघालं तर?"

"ती ऐकते," सलोमा म्हणाली.

"ऐकू दे. मी खोटं बोलत नाहीये. आमच्या उल्लीच्या घराण्यात असलं कधी झालं नाही. तुझा नवरा एलमही उल्लीच्याच वंशातला, त्याच्यात दोष नाही. हे तुझ्याकडून आलंय, सलोमा. रागावू नकोस."

"रागावत नाही. पुढे बोल."

"ती सेलरी नांगरून टाक. कीड लागली म्हण. कोणी एक शब्द बोलणार नाही."

"कीड लागलेली नाही," सलोमा म्हणाली.

त्या संध्याकाळी एलमने सगळं ऐकून घेतलं. तो गरीब स्वभावाचा, सुतारकाम करणारा माणूस. "आपण मान खाली घालून चालावं," तो म्हणाला. "भांडण आपल्यात बसत नाही."

"भांडत कुठे आहे? मी सेलरीला भर लावतेय. मान खालीच असते त्या कामात."

मलिंदा खुदकन हसली.

दुसऱ्या दिवसापासून सलोमा भर दुपारी, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी, सेलरीच्या बुंध्यांना माती चढवायला लागली. केटुरा विहिरीसारखी गप्प झाली होती. बेन्युएल एकदा रात्री येऊन गेला, "मी कुठे जात नाही," एवढंच म्हणाला. पण घरच्यांना डावलून लग्न करणं त्या लोकांत सोपं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

माती चढवताना सलोमाच्या मनात एकच घोळत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला एकदा समजावलं होतं, की ताप नुसता निमित्त होतो, हा आजार रक्तातूनच येतो, आणि तोही एका बाजूने येत नाही. आईच्याही रक्तात असावा लागतो आणि बापाच्याही, आणि दोघांकडे तो बहुतेक एकाच कोणा जुन्या पूर्वजाकडून आलेला असतो. एलमचा पूर्वज ठाऊकच होता. उल्ली, ज्याने तारवातून समुद्र ओलांडला आणि इथलं जंगल तोडलं. मग माझा कोण?

तिथे माणसाची ओळख बापांच्या माळेने सांगतात. गिडियनच्या जोनासचा बेन्युएल, असं. शाळेत जायच्या आधीच पोरांना ही माळ पाठ असते. सलोमाने एकेका रोपाला माती लावत आपल्या बापाची माळ म्हटली, आजोबांची म्हटली. उल्ली कुठेच आला नाही. मग तिने फावडं कुंपणाला टेकवलं आणि मागच्या लहान घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या अ‍ॅनीमावशीकडे गेली.

"मावशी, आईची आई कोण? आणि तिची आई?"

अ‍ॅनीमावशी घेवड्याच्या शेंगा सोलत होती. "आज ही आठवण कुठून काढलीस? मला जन्मात कोणी आयांची माळ विचारली नाही. सगळे बापांचीच विचारतात, जशी काय पोरं बापांनीच काढली." आणि ती हातातलं काम न थांबवता सांगत गेली. माझी आई लेआ. तिची आई बेव्ही. बेव्हीची आई मागदालेना, ती फार रागीट. अशी एकेक आई मागे मागे जात राहिली, आणि शेवटी मावशी म्हणाली, "आणि तिची आई फ्रेनी. ती तारवात जन्मली म्हणतात."

"फ्रेनी कोणाची?"

"उल्लीची, दुसऱ्या कोणाची? असं काय बघतेस? शेंग सोल."

सलोमाने शेंग सोलली. म्हणजे तीही उल्लीचीच होती, फक्त बायकांच्या बाजूने, म्हणून कोणी मोजली नव्हती.

ऑगस्टमध्ये बेन्युएलच्या आजोबांच्या, गिडियनच्या शेतावर उल्लीच्या वंशाचा मेळा भरे. "तू येतेस?" एलमने भीतभीत विचारलं. तो बहुधा एकटाच जाई, सलोमा मलिंदापाशी घरी थांबे.

"मी उल्लीची आहे. मला बोलावणं कशाला लागतं? आणि मलिंदा तर दोन्हीकडून उल्लीची. तिचा हक्क तुझ्याहून मोठा."

एलमने बग्गीत मलिंदासाठी उशा रचल्या.

अक्रोडाच्या झाडाखाली बाकं मांडली होती. शंभरेक माणसं, बटाट्याचं सॅलड, लोणचं घातलेली बिटं, पोरांचा गोंधळ. आणि मधोमध, गवतावर पसरलेल्या गोधडीवर उल्लीची खुर्ची. सलोमाने तिच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. वर्षभर ती गिडियनच्या भिंतीवर टांगलेली असे आणि या दिवशी खाली उतरे. वर्षात जन्मलेलं प्रत्येक बाळ तिच्यात एकदा बसवायचं, अशी पद्धत.

गिडियन नव्वदीचा, पण आवाज खणखणीत. "उल्लीने पहिल्या हिवाळ्यात घर बांधलं. दाराला बिजागरी नव्हती. जेवायला टेबल नव्हतं, माणसं लाकडाच्या ओंडक्यावर जेवत. आणि त्याने सगळ्यांत आधी काय केलं? ही लेकराची खुर्ची! इतका पोरांचा लळा त्याला."

एका गुबगुबीत बाळाला खुर्चीत ठेवलं. ते मागे कलंडलं आणि रडायला लागलं. "रडलं, म्हणजे उपदेशक होणार!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. दुसरं बाळ खाली घसरलं. खुर्चीत नीट कोणीच बसत नव्हतं, आणि हीच दरवर्षीची गंमत होती.

सलोमा हसली नाही. मलिंदाला कडेवर घेऊन ती जवळ गेली. खुर्ची तान्ह्या बाळाच्या मानाने मोठी होती आणि तिची पाठ मागे रेललेली होती, बाळासाठी कोणी ती इतकी कलती करत नाही. डोक्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना फळ्या आत वळलेल्या होत्या. पाठीत, छातीच्या उंचीला, दोन लांबट खाचा होत्या. आणि वरच्या फळीत एक गुळगुळीत खोलगट जागा होती, वर्षानुवर्षं काहीतरी तिथे टेकून घासल्यासारखी. सलोमाने एलमकडे पाहिलं. एलमचं तोंड उघडं राहिलं होतं. कारण घरची मलिंदाची खुर्ची त्याने स्वतः केली होती, आणि असाच कल, अशाच फळ्या जमेपर्यंत तीन वेळा मोडून पुन्हा केली होती.

"गिडियन आजोबा," सलोमाने विचारलं, "या खाचा कशासाठी?"

"टांगायला. भिंतीवर."

"टांगायला एक पुरली असती."

"मग उचलायला असतील. उल्ली काही मला सांगून गेला नाही, बाई!"

लोक हसले. सलोमाने मलिंदाला हळूच खुर्चीत ठेवलं. कमरेचा काळा एप्रन सोडला, त्याचा पट्टा दोन्ही खाचांतून ओवून मुलीच्या छातीवरून घेतला आणि मागे गाठ मारली. मग तिने हात काढून घेतले.

मलिंदाचं डोकं त्या गुळगुळीत जागेत जाऊन बसलं. मान पडली नाही. आत वळलेल्या फळ्यांनी तिला दोन्हीकडून धरलं. कुठे उशी नाही, कोणाच्या हाताचा आधार नाही, आणि ती नीट बसून सगळ्यांकडे बघत होती.

हसणं कुठल्या कुठे गेलं. पोरंसुद्धा थांबली.

"पुरे झाला तमाशा," रिबेका पुढे येत म्हणाली. "उचल तिला, सलोमा. ही मानाची वस्तू आहे."

"म्हणूनच बसवली. रिबेका, इथे तुझी किती बाळं बसली? एकतरी मावलं?"

रिबेकाची नजर त्या आत वळलेल्या फळ्यांवर गेली.

"ही खुर्ची धडधाकट पोरासाठी केलेलीच नाही. जेवायला टेबल नव्हतं, दाराला बिजागरी नव्हती, आणि उल्ली लाकूड तासत बसला. का? त्याच्या घरात मान न धरणारं लेकरू होतं म्हणून. त्याने ते मागच्या खोलीत दडवलं नाही. चुलीपाशी, सगळ्यांमध्ये बसवलं. त्या लेकराचं नाव तुम्ही विसरलात, आणि खुर्ची तेवढी मिरवता! म्हणे उल्लीच्या घराण्यात असलं कधी झालं नाही. घराण्याची सुरुवातच तिथून आहे!"

"हळू बोल," एलम पुटपुटला.

"नाही. आज नाही."

गिडियन काठी टेकत जवळ आला. त्याने मलिंदाच्या डोक्यामागची फळी बोटाने चाचपली, खाचेत अंगठा घालून पाहिला. मग मलिंदाला म्हणाला, "बरी बसलीस का गं?"

मलिंदाने डोळे वर केले.

"ती हो म्हणतेय," केटुरा म्हणाली.

"कळलं मला," म्हातारा म्हणाला. "आणि मी मूर्ख, जन्मभर ही भिंतीला टांगली."

रिबेकाचे डोळे भरले होते, पण ती हटली नाही. "पुढच्या पोरांचा विचार कोणीतरी करायला नको का? मी काय वाईट मागितलं?"

"विचार कर ना," सलोमा म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. "मी मलिंदाला रोज उचलते, मला शिकवू नकोस. डॉक्टर रक्त तपासून सांगतो. दोघांचंही तपासू दे. फक्त केटुराचं नाही, दोघांचंही. मग ती दोघं ठरवतील. पण माझ्या घराकडे बोट दाखवून नाही. आणि माझी सेलरी नांगरून तर नाहीच नाही."

तेवढ्यात बेन्युएल पुढे झाला. त्याने खाली वाकून मलिंदासकट खुर्ची उचलली. "आजोबा, हिला कुठे ठेवू?"

"कुठे म्हणजे? टेबलाशी," गिडियन म्हणाला. "जेवण निवतंय."

एलमने जेवणाआधी खिशातून पट्टी काढून खुर्चीच्या पाठीचा कल मोजला. उल्लीला तो त्याच्यापेक्षा चांगला जमला होता.

सप्टेंबरात केटुरा आणि बेन्युएल दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरने सांगितलं, की दोघांपैकी एकाच्या रक्तात तो दोष आहे, दुसऱ्याच्या नाही, म्हणून मुलांना हा आजार होणार नाही. कोणाच्या रक्तात आहे, हे मात्र त्या दोघांनी कोणालाच सांगितलं नाही. ऑक्टोबरात प्रार्थनेनंतर त्यांची नावं पुकारली गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सेलरी धुवायला बायका जमल्या. रिबेकाही आली. तिच्या हातात सलोमाची थाळी होती, आणि थाळीत भोपळ्याचं पाय होतं. ती केटुराशेजारी बाह्या सरसावून बसली. दोघी थंडगार पाण्यात हात घालून दांडे घासत राहिल्या. बाकीच्या स्वयंपाकघरात गेल्यावर रिबेका हळूच म्हणाली, "मला तरी सांग गं. कोणाच्या रक्तात निघालं?"

केटुराने एक पांढराशुभ्र दांडा झटकून टोपलीत टाकला.

"उल्लीच्या," ती म्हणाली.

ओसरीवरच्या खुर्चीतून मलिंदाचं हसू ऐकू आलं.