बाबाच्या पुडीतली शक्ती

दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाबाभोवती ही गर्दी! "डॉक्टर रक्त धुतात, मी कर्म धुतो! राखेची पुडी जिभेवर ठेवा, ताप पळालाच समजा!" अहाहा, काय ती वाणी! मी डायलिसिसचा डॉक्टर. रोज त्या गर्दीतून वाट काढत आत जायचो. लोकांना सांगून सांगून घसा बसला होता. पोलिसांत तक्रारही दिली होती. चौकशी चालू आहे म्हणे.

बरं, ताप उतरायचाही. आमच्या शिंपीदादांच्या मानेत डायलिसिसची नळी होती. नळीतून जंतू रक्तात शिरले की हुडहुडी भरून ताप चढायचा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आम्हाला न सांगता बाबाची पुडी द्यायच्या. ताप उतरला की पुडी बंद, चढला की पुन्हा सुरू.

या खेपेला ताप हटेना. तपासलं, तर जंतू अशा तापावरच्या नेहमीच्या औषधांना दादच देईनात.

"वहिनी, ही औषधं आम्ही दादांना कधी दिलीच नाहीत. मग जंतू सरावले कसे?"

वहिनींनी पिशवीतून पुडी काढली.

लॅबमध्ये दोन बशांत जंतू वाढवले. एकीत लॅबमधले साधे, दुसरीत दादांच्या रक्तातले. दोन्हींत एका कडेला चुलीतली राख ठेवली, दुसऱ्या कडेला बाबाची. मग वहिनींना बोलावलं. पहिल्या बशीत चुलीतल्या राखेला लागून जंतू माजले होते, बाबाच्या राखेभोवती मात्र स्वच्छ गोल.

"बघा! आहे की नाही शक्ती?" वहिनींचा चेहरा उजळला.

"आहे ना. कुटून मिसळलेल्या अँटिबायोटिकची. लॅबने तेही शोधलंय. आता ही दुसरी बघा."

दादांचे जंतू बाबाच्या राखेला अगदी चिकटून वाढले होते.

"अर्धवट औषध खाऊन खाऊन निर्ढावलेत ते. आता त्यांच्यावर चालेल असं एकच इंजेक्शन उरलंय. नळी बदलतो. लागू पडलं तर पडलं."

"म्हणजे मीच माझ्या हातानं..."

"बाबानं तुम्हाला फसवलं, वहिनी." मी नळी बदलायला निघालो. फार थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी वहिनी उभ्या. मोबाइलवर त्या बशांचा फोटो. बाबा ओरडत होता, "बाई नास्तिक आहे!" वहिनी हटल्या नाहीत.

"ताप आला तर आत जा. पुडीत काय आहे ते याला विचारा. सांगत नसेल तर तोंडात घालू नका. मी विचारलं नाही हो, तुम्ही तरी विचारा!"

दोघं-तिघं रांगेतून बाहेर पडली. बाकीची तिथेच थांबली.

आत, इंजेक्शन देऊनही दादांना पुन्हा हुडहुडी भरली होती.