तिरप्या बाजूची ओढ

आमच्या कामरगावात रुख्मिणीच्या गोधडीला नाव आहे. ती जमिनीवर बसते, कापडाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात पकडते, दुसरं डाव्या हातानं खेचते आणि ताणलेल्या कापडात सरसर टाके घालते. त्यामुळे तिची गोधडी कितीही धुतली तरी चुरगळत नाही. मी तिचा नवरा. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झाली, आता घरी पुस्तकं वाचतो आणि मागेल तेव्हा सुईत दोरा ओवून देतो.

आमची लेक वैजयंती बाळंतपणाला आली होती आणि तिला मुलगी झाली होती. तिनं आईला मोबाइलवर एका गोधडीचं चित्र दाखवलं. सगळे त्रिकोण, एक फिका एक गडद, आणि चार-चार टोकं बरोबर एका ठिपक्यावर मिळालेली.

“माय, माह्या लेकीले अशी शिवून दे ना.”

“याच्यात काय आहे?” रुख्मिणी म्हणाली. “चौकोन मधातून कापला का झाला त्रिकोन.”

त्रिकोण झाले, पण जुळेनात. दोन शिवले की चौकोनाच्या जागी पतंग व्हायचा. रांग जोडली की तिची कड पापडासारखी लहरायची. टोकं तर एकमेकांशी भांडण झाल्यासारखी तोंड फिरवून बसायची.

पहिला संशय माझ्यावर आला, कारण त्रिकोण आखायचं पुठ्ठ्याचं माप मी कापून दिलं होतं.

“तुमी कापून देल्ला तो पुठ्ठाच तिरपा हाय.”

मी पुठ्ठ्याचा कोपरा शब्दकोशाच्या कोपऱ्याशी लावून पाहिला. कोपरा ठीक होता, पण खडूनं आखून आखून कडा झिजल्या होत्या. म्हणून बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचं नवं माप करून दिलं. आता कापलेले त्रिकोण पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक बसले. रुख्मिणी खुश झाली. तिनं दोन शिवले. पुन्हा पतंग.

मग सुई बदलली, दोरा बदलला, बसायची जागा बदलून उजेडात नेली. शेवटी तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि तो घातलाच नाही.

शेजारच्या मोतीबाई दारातून पाहत होत्या. “रुख्मिणीबाई, वय झालं आता. चौकोनाचीच शिवा. नाईतं बजारातलं ब्लँकेट देऊन द्या. लेकराले काय समजते?”

एरवी रुख्मिणीनं त्यांना पळता भुई थोडी केली असती. त्या दिवशी ती लेकीला म्हणाली, “बाई, ब्लँकेटच घेऊन जा. माहे डोये गेले. आता सुई ठेवून द्यावं म्हनते.”

ते ऐकून मला बसवेना. तिनं उसवून बाजूला सारलेले तुकडे मी उचलले. त्यात माझ्या जुन्या, निळ्या रेघांच्या सदऱ्याचा एक त्रिकोण होता. त्याच्या दोन बाजूंना रेघा वहीतल्यासारख्या सरळ होत्या. तिरप्या बाजूपाशी मात्र त्या वाकल्या होत्या, ओलं झालेलं पान सुकल्यावर दिसतं तशा. न शिवलेल्या त्रिकोणावर तो ठेवला. तिरपी बाजू बोटाच्या जाडीएवढी जास्त लांब भरली.

दोष कापण्यात नव्हता, डोळ्यांत तर नव्हताच. पण जो ताण हिच्या गोधडीची ख्याती आहे तोच सैल कर, असं हिला सांगायचं कोणी? शिवणातलं मला काय कळतं? मी तुकडे घेऊन दोनदा आत गेलो आणि दोनदा बाहेर आलो.

“काय मांजरावानी फिरून राह्यले?” रुख्मिणीनं विचारलं.

“अवं, हा तुकडा जरा उभा ओढ.”

तिनं ओढला. तो हलला नाही.

“आता तिरप्या बाजूनं ओढ.”

तुकडा लांबला, आणि सोडला तरी पुरता मागे आला नाही. रुख्मिणीनं तो पुन्हा ओढला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

“अवो, हे त उरेब हाय!”

ब्लाउजच्या गळ्याची पट्टी तिरपी कापतात, तिला उरेब म्हणतात. ती ताणते म्हणूनच वळणावर नीट बसते. रुख्मिणीनं गावभरच्या गळ्यांना ती लावली होती.

“म्हंजे माह्या अंगठ्यानंच घात केला!” ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. “आन् तुमाले हे कवा समजलं?”

“मघाशी. पण खातरी नव्हती.”

“तुमाले कोन्या गोष्टीची असते?” मोतीबाई दारातून म्हणाल्या.

“तुमी चूप बसा, मोतीबाई. डोये शाबूत हायत माहे.” तिनं चष्मा चढवला. “मंग तिरपं आधी कापाचंच कायले? शिवू आधी, कापू मंग!”

पुढचं सगळं तिचंच. कापडाला खळ देऊन ते कडक केलं. फिका आणि गडद असे दोन चौकोन तोंडाशी तोंड ठेवले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खडूची रेघ मारली, रेघेच्या दोन्ही अंगांना टाके घातले आणि मग रेघेवरून कात्री चालवली. उलगडले तर अर्धा फिका, अर्धा गडद असे दोन जोडचौकोन तयार. वैजयंतीनं त्यांवर इस्तरी फिरवायला घेतली तर रुख्मिणीनं तिचा हात धरला. “घासू नको, ताणते. ठेव आन् उचल.”

चार जोडचौकोन एकत्र शिवले. टोकं एका ठिपक्यावर आली. मोतीबाईंनी नखानं चाचपून पाहिलं आणि त्या घरून आपली सुई घेऊन आल्या.

सोमवारी जावई न्यायला आले तेव्हा वरचा थर पुरा झाला होता, अस्तर लागायचं होतं.

“जवाईबापू, दोन दिस राहा,” रुख्मिणी म्हणाली. “गोधडी झाल्याबिगर लेक निंघत नाई.”

“आई, सुटी नाही हो.”

“काढा. म्या एवढे त्रिकोन काढले, तुमाले एक सुटी काढता येत नाई?”

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. त्यांनी बॅग खाली ठेवली, तशी रुख्मिणीनं गोधडीचा एक कोपरा त्यांच्या हातात दिला.

“धरा. आन् तिरपं नका ओढू.”