होळीनंतरचा टप

भांड्यांच्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला 'आज घेऊ नका' म्हणावं, हे साऱ्या वाशीमच्या बाजारात एकट्या भागचंदच्या तोंडून ऐकायला मिळायचं. भर पौषात कोणी पाणी तापवायचा बंब घ्यायला आला, की हा गादीवरून म्हणणार, "आता कायले घेता? होळी होऊ द्या. ऊन तापलं की बंबाले कोणी विचारत नाई. तवा याजा, तुमच्या मनासारख्या भावात देतो." गिऱ्हाईक हसायचं आणि बंब खांद्यावर टाकून चालू पडायचं. थंडी आज वाजत होती, होळीपर्यंत कोण कुडकुडत बसणार? हे भागचंदलाही ठाऊक होतं. खरा सल्ला दिल्याचं पुण्य पदरात आणि मालही खपलेला, असा दोन्हीकडून सुखात राहणारा तो माणूस. पण लबाड म्हणाल तर नव्हता. लोकांना सांगायचा तेच घरात पाळायचा, आणि सगळं घोडं अडलं ते तिथंच.

घरचा रिवाज वडिलांपासूनचा होता. ज्या मालाचा हंगाम चालू आहे तो दुकानातून घरी आणायचा नाही. हंगाम सरल्यावर जे उरलं, ज्याला पोचा पडला, जे गिऱ्हाइकानं हातात घेऊन परत ठेवलं, ते घरचं. कंचनबाई लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघरातले पोचेच पोचे पाहून तिला वाटलं, ही माणसं रोज भांडी आपटून भांडतात की काय. मग तिला रिवाज कळला, आणि हळूहळू अंगवळणी पडला. भांड्यांच्या शेठाणीच्या घरी धड पातेलं नाही म्हणून शेजारणी चिडवायच्या, तीही हसून घ्यायची. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते, तिचे गुडघे दुखायला लागेपर्यंत.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात गुडघे सुजले. आधी जिना चढताना, मग खाली बसताना, मग उठताना. मारोतराव वैद्य जुने, घरोब्यातले. त्यांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "मोठा टप घ्या. माणूस कमरेपर्यंत बुडून बसला पाह्यजे असा. निर्गुडीचा पाला उकळून ते कढत पाणी त्यात टाकायचं आणि बाईले रोज सकाळी बसवायचं. सारा हिवाळा. सांधे अजून मोकळे हायेत, तंवरच उपाय हाये. एकदा का धरले तर मंग माह्याकडे येऊ नका."

घरात घंगाळ होतं, पण तेही असंच उरलेलं, लहानखोर. त्यात एक पाय बुडाला तर दुसरा बाहेर. भागचंदनं तांबटाला सांगून तांब्याचा टप मुद्दाम घडवून घेतला. हयगय केली असं कोणी म्हणू नये. दिवाळीच्या तोंडावर टप आला, चांगला रुंद, काठ गोल वळवलेला, दोन बाजूंना दणकट कड्या. आला तो दुकानात आला, आणि दुकानातच राहिला.

लक्ष्मीपूजनाला कंचनबाई दुकानी आली. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर ती टपाजवळ गेली आणि काठावरून हात फिरवला.

"अवो, हाच का थो आपला?"

"हाच. पण आता हंगाम हाये. दर्शनी ठेवला तर चार लोक थांबून पाहतात, त्याच्या नादानं बाकीचा माल जाते. होळी झाली की घरी."

"बरं," ती म्हणाली. 'बरं' म्हणायची तिला सवयच होती. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं धनीबाईकडून निर्गुडीचा पाला मागवायला सुरुवात केली. धनीबाई म्हणजे घरी पाणी भरणारी, धुणंभांडी करणारी. ती शेताकडून येताना ओचाभर पाला आणायची आणि कंचनबाई तो गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घालायची. पोतंभर पाला वाळला. आता होळी म्हणजे हिवाळा संपला, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. तिला वाटलं, हे असं बोलतात, पण मार्गशीर्षात आणतीलच. भागचंदलाही अधूनमधून वाटायचं, आणावा. सकाळी ती भिंत धरून उठायची तेव्हा तर फार वाटायचं. मग दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायचं आणि वाटणं तिथंच राहायचं.

माघात किन्हीराजा गावचे जानराव आले. बरी शेतीवाडी असलेला, मोकळ्या हाताचा माणूस. मुलीचं लग्न मेडशीत ठरलं होतं आणि आंदणाची भांडी घ्यायला ते बैलगाडी घेऊनच आले होते. हंडे झाले, पराती झाल्या, घागरी झाल्या. शेवटी त्यांची नजर टपावर गेली.

"हा नवीनच दिसते. असा टप मेडशीत कोणाघरी नसंन."

"तो मोठा हाये, पाटील. तुमाले हे घंगाळ दाखवतो."

"घंगाळ सारेच देतात. हा कोणाचा हाये काय? कोणासाठी ठेवला काय?"

दुकानात पाच-सहा माणसं बसलेली. 'बायकोसाठी ठेवला' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं कसं? भर बाजारात शेठनं बायकोच्या आंघोळीची गोष्ट काढली, तर संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर त्याचीच टर. शिवाय तीस वर्षं ज्या जिभेनं 'घ्या, तुमचाच हाये' म्हटलं, ती ऐन वेळी कशी वळणार? भागचंदनं पागोटं सारखं केलं.

"नाई, कोणाचा नाई," तो म्हणाला.

झालं. टप गाडीत चढला, दोरानं आवळला गेला. गाडी बाजाराच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भागचंद पाहत राहिला, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की तांबटाला आता दुसरा सांगू, होळीनंतर तो रिकामाच असतो, स्वस्तात करून देईल. दुसरा विचार कंचनबाईचा आला. पहिला तिचा का आला नाही, हे त्याला पुढं कितीतरी वेळा आठवायचं होतं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, असा जैनाघरचा नेम. तो पाटावर बसला आणि तिनं भिंतीला टेकून उभ्यानंच वाढलं. खाली बसली तर उठता येत नव्हतं. टपाचं कसं सांगावं याची जुळवाजुळव त्याच्या मनात चालली होती, तर तीच म्हणाली, "धनीबाईनं पाह्यला गाडीत. कोणाघरी गेला?"

"जानरावाच्या पोरीले. आंदणात." "तांबटाले दुसरा सांगतो मी. याच्याहून चांगला."

"लग्नाघरी गेला, चांगलं झालं. पोरगी सुखानं नांदो," ती म्हणाली आणि अजून एक पोळी वाढली.

बोलली असती तर! दोन शब्द सुनावले असते, ताट आपटलं असतं, तर तोही चार शब्द बोलला असता आणि गोष्ट मिटली असती. पण तिनं पोळी वाढली, वर तूपही वाढलं. 'कोणाचा नाई' हे आपलंच बोलणं भागचंदला त्या रात्री कडू लागलं. घरी धडधडीत माणूस होतं आणि आपण सांगून बसलो की कोणाचा नाही.

तांबट लग्नसराईच्या ऑर्डरीत बुडालेला. होळी झाली, रंगपंचमी झाली, तेव्हा दुसरा टप आला. तो मात्र भागचंदनं दुकानाची पायरीही चढू दिला नाही, थेट घरी आणला. त्या घरात आलेलं, हंगामातलं नसलं तरी एकही पोचा नसलेलं ते पहिलं भांडं. कंचनबाईनं हळदकुंकू लावलं, हौसेनं शेजारणींना बोलावून दाखवलं. आणि मग? चैत्राचं ऊन असं की अंगाला साधं पाणीसुद्धा गरम लागावं. दोन दिवस ती कढत पाण्यात बसली आणि चक्कर येऊन बाहेर आली. मारोतराव म्हणाले, "हे थंडीचं काम हाये, शेठ. आता उन्हाळ्यात बाईले शिजवता काय?" टप उपडा घालून ठेवला गेला.

त्या पावसाळ्यात पाऊस आला नाही. बहात्तर सालची गोष्ट ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळीपर्यंत आळीतल्या विहिरींचा तळ दिसायला लागला. धनीबाईचा नवरा खडी फोडायच्या कामावर गेला आणि धनीबाई कुठून कुठून, दोन-दोन तास रांगेत उभी राहून घागर आणायला लागली. थंडी मात्र पडायची तशी पडली. भागचंदनं यंदा होळीचं नाव काढलं नाही. पहिल्याच गारठ्यात तो म्हणाला, "पाणी मी इकत आणतो. बैलगाडीवाला हाये एक. रोजचा एक टप."

कंचनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेणारी आणि गाळल्यावर फडक्यातला जीवही जपून परत पाण्यात सोडणारी बाई. "टपभर पाण्यात मी बसू?" ती म्हणाली. "आन् मंग थे मोरीत सोडू? धनीबाईचे लेकरं खरकट्या हातानं फिरून राह्यले. कोणत्या तोंडानं बसू?"

"औषध हाये ते."

"मालूम हाये मले. पण मले जमत नाई."

भागचंदनं पुष्कळ समजावलं, एकदा तर ओरडला. तिनं ऐकलं नाही. तिच्या साऱ्या जन्मात तिनं न ऐकलेली ही एकच गोष्ट, आणि तीही नेमकी ऐकायची होती ती. तो दुकानात बसून विचार करायचा. गेल्या हिवाळ्यात विहिरी तुडुंब होत्या. पाणी होतं, पाला होता, टप होता, गुडघे मोकळे होते. सगळं एकाच वेळी हाताशी होतं आणि आपण हंगाम सरायची वाट पाहत होतो. कोणी बंब घ्यायला आलं की आता तो मुकाट्यानं बंब काढून द्यायचा. लोक म्हणायचे, शेठचा तो सल्ला कुठं गेला? शेठचं डोकं फिरलं दुष्काळानं.

टपात त्या वर्षी ज्वारी भरून ठेवली.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. विहिरी भरल्या. आश्विनात पहाटे गारवा जाणवायला लागला तशी भागचंदनं स्वतःच्या हातानं ज्वारी काढली, टप चिंचेनं घासला, चूल पेटवली. पाला जुना झाला म्हणून नवा आणला. पाणी तापवलं, त्यात हात घालून पाहिला. हे सगळं त्यानं धनीबाईला करू दिलं नाही.

कंचनबाई काठी टेकत आली. एका बाजूनं धनीबाई, एका बाजूनं तो. टपाचा काठ असा किती उंच? पण तिचा पाय उचलून तेवढा वर येईना. मग दोघांनी तिला अलगद उचललं. आत बसायचं तर गुडघा दुमडायला हवा. तो अर्धा वाकला आणि तिथंच राहिला. दुसरा तर तेवढाही वाकेना. भागचंदनं हलकेच दाबून पाहिलं आणि त्या सोशिक बाईच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की धनीबाई रडायलाच लागली.

"नको. ठेवा मले खाली," कंचनबाई म्हणाली.

तिला बाजेवर टेकवलं. भागचंद जमिनीवर बसला, फडकं पाण्यात बुडवून, पिळून तिच्या गुडघ्यांवर ठेवत राहिला. "माह्या हातून झालं हे," एवढंच त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

तिनं टपाकडे पाहिलं. घासून लखलखीत झाला होता.

"धनतेरस आली," ती म्हणाली. "दुकानात नेऊन ठेवा त्याले. रस्त्यावरून दिसंन असा. याच दिवसात गिऱ्हाईक असते."

टोमणा होता का? भागचंदनं तिच्या चेहऱ्यावर शोधला. टोमणा मिळाला असता तर त्याला बरंच वाटलं असतं. पण नव्हता. तिला खरंच वाटत होतं की एवढं चांगलं भांडं वाया जाऊ नये. आणि त्याच क्षणी, त्याला नको असताना, त्याच्या डोक्यानं आपलं काम केलं. परवाच मेडशीचा एक जण असाच टप विचारून गेला होता. हा देता येईल. नव्यासारखाच तर आहे.

कंचनबाईनं त्याचा चेहरा वाचला. इतक्या वर्षांत तो तिला पाठ झाला होता.

"कोणी इचारलं काय?"

"मेडशीचा एक जण," तो म्हणाला. खोटं बोलायची आता हिंमत नव्हती. "आईसाठी पाह्यजे म्हणे."

"तिचे पाय वाकतात काय अजून?"

"वाकतात म्हणे थोडेथोडे."

"मंग आजच पाठवा."

त्यानं मान हलवली. फडक्यावरून त्याचा हात तिच्या गुडघ्यावर तसाच राहिला होता. त्याच्या भारानं दुखत होतं, म्हणून तिनं तो उचलून हळूच बाजूला ठेवला.