पिकल्या नाशपातीचा वास

दुसऱ्या ब्रुअरीवाल्या गॅरेथ ऑलरेनशॉच्या नव्या बिटरचा, म्हणजे कडसर बिअरचा, पबमध्ये पहिलाच घोट घेतला आणि सिरिल स्टॅनिफर्थचा ग्लास हातातच राहिला. ही बिअर त्याची स्वतःची होती.

पिंप गॅरेथचं, नळावरची पाटी गॅरेथची. पण घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारा पिकल्या नाशपातीचा वास सिरिलच्या यीस्टचा. त्याच्या बापानं ते यीस्ट डॉन नदीकाठच्या त्यांच्या ब्रुअरीत आणलं होतं, आणि विरजण राखावं तसं दर खेपेला थोडं बाजूला काढून सिरिलनं ते चाळीस वर्षं जगवलं होतं.

"काय रे राजा, आंबलीय का?" पबवाल्या मेव्हिसनं विचारलं.

"नाही. फक्कड झालीय," सिरिल म्हणाला. "तीच तर भानगड आहे."

आजवर गॅरेथ फक्त काळी स्टाउट करायचा. अचानक बिटर, आणि तीही अशी? यीस्ट ठेवायच्या थंड खोलीच्या किल्ल्या दोनच. एक सिरिलकडे, दुसरी नोरीन क्रुक्सकडे. बावीस वर्षं नोरीन त्याच्याबरोबर माल्ट भिजवत होती, टाक्या घासत होती. गेली दोनेक वर्षं मधूनच एखाद्या गुरुवारी ती लवकर निघायची. गुडघा दाखवायचाय, म्हणायची. सिरिलला आता तो गुडघा आठवला. जिना चढताना तिनं कधी हुं का चूं केलं नव्हतं.

बुधवारी त्यानं यीस्टच्या डब्यावर आतून पातळीची बारीक खूण केली. गुरुवारी नोरीन लवकर गेली. शुक्रवारी सकाळी तो डबा उघडून बघतो, तर पातळी खाली नव्हे, चांगली दोन बोटं वर गेलेली.

चोर माल नेतो, आणून ठेवत नाही. मग ही काय मिसळत होती? त्याला रात्रभर झोप लागली नाही. पुढचे कित्येक दिवस तो तिच्याशी हो-नाहीपलीकडे बोलला नाही.

"मालक, घशाला काय झालंय?" तिनं एकदा विचारलं.

"तुझ्या गुडघ्याला झालंय तेच."

ती टाकी घासायला वळली, आणि त्याचा संशय पक्का झाला.

त्यानंतर ती पुन्हा लवकर निघाली, तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला. हातात झाकणाचा स्टीलचा कॅन घेऊन ती थेट रेल्वेच्या कमानीखालच्या गॅरेथच्या ब्रुअरीत शिरली. सिरिलनं दार ढकललं.

"किती वर्षं पोचवतेयस माझं यीस्ट ह्याला?"

गॅरेथनं हातातली नळी खाली ठेवली. "नोरीन, आता सांगून टाक बाई. मला नाही हे झेपत."

नोरीननं कॅनचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. "मी पोचवत नाही, सिरिल. घेऊन जाते."

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी तुझ्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा थंड खोलीचं मशीन बंद पडलं. तुझं यीस्ट सडलं. तीन खेपा मी गटारात ओतल्या. डॉक्टर म्हणाले होते, ह्याला धक्का बसेल असं काही सांगू नका. मग त्याचं यीस्ट मागायला मी गॅरेथच्या पाया पडले. ते आपल्याकडे फार टिकत नाही, म्हणून अजून मधूनमधून ताजं नेते."

"पाया-बिया नाही पडली," गॅरेथ पुटपुटला. "शिव्या घातल्या, 'देतोस का नाही' म्हणून."

"खोटं," सिरिल म्हणाला. "नाशपातीचा वास माझ्या बापापासूनचा आहे."

"नव्हता रे. तो गॅरेथच्या यीस्टचा, त्याच्या काळ्या स्टाउटमध्ये कळायचा नाही इतकंच. तू घरी आलास, पहिला घोट घेतलास आणि म्हणालास, 'आता कशी जमली!' तेव्हा काय सांगणार होते मी?"

त्याचा विश्वास बसेना. तो तसाच घरी गेला. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला भरलेल्या त्याच्या बिटरच्या बाटल्यांपैकी एक कपाटात उरली होती, ऑपरेशनच्या कितीतरी आधीची. ओट्याशी उभ्या उभ्या त्यानं ती फोडली. जुनाट झाली होती, पण चव कळत होती. माल्ट होतं, हॉप्सचा कडूपणा होता. नाशपाती कुठेच नव्हती. त्यानं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मग खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ हुंदके देत राहिला. बापासाठी की यीस्टसाठी, त्याचं त्यालाच कळेना.

सकाळी नोरीन आली ती कोट न काढताच उभी राहिली. "काढून टाकणार असशील तर आत्ताच सांग."

"बस," सिरिल म्हणाला. "मशीन बंद पडलं तो वार कोणता?"

"मंगळवार."

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी. दार उघडल्या उघडल्या व्हिनेगरचा भपकारा आला."

"आणि डब्याचं झाकण? बंद होतं?"

"बंद होतं, सिरिल."

"नक्की?"

नोरीननं कोट काढला, त्याच्या समोर बसली आणि त्या बुधवारपासून एकेक दिवस सांगायला लागली. तो मधेमधे थांबवत होता, घरचं माणूस गेल्यावर त्याचे शेवटचे दिवस विचारावेत तसं उलटसुलट विचारत होता. ती न चिडता पुन्हा सांगत होती.