हे ताट कुणाचं?

मी एक स्टीलचं ताट बोलतोय. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते नाशिकच्या भांडीबाजारात, दुकानाच्या दारात.

एका शनिवारी शुभांगी आली. इंदिरानगरला औषधाच्या दुकानात कामाला असलेली पोर. नाव कोरायचं यंत्र उचलून दुकानदारानं सवयीनं विचारलं, वडलांचं नाव सांगा. ती म्हणाली, "आईचं घाला. तिच्या नावाचं घरात एक भांडं नाही."

मला गुदगुल्या झाल्या आणि काठावर उमटलं, नवसाबाई.

सायखेड्याला घरी येऊन तिनं मला गुपचूप मांडणीवर ठेवलं. आईला आपसूक दिसेल, ती हरखेल, असं तिच्या मनात. सोमवारी ती परत नाशिकला कामावर गेली.

घोटाळा इथंच झाला. नवसाबाईला अक्षर येत नाही. गेलेल्या नवऱ्याचं, धोंडीरामचं नाव मात्र ती भांड्यावर बोट फिरवून ओळखायची. माझ्यावर बोट फिरलं आणि थबकलं. हे आपलं नाय! कुणी काही वाढून पाठवलं असेल, ताट परत द्यायचं राहिलं. तिनं मला लख्ख घासलं आणि शेजारी नेलं. कुसाबाईच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती म्हणाली, देवळातलं असंल, भंडाऱ्याचं.

झालं. मी देवळातल्या भांड्यांच्या ढिगात.

देवळाचं दुःख नव्हतं. पण नवसाबाई सगळ्यांना वाढून स्वतः टोपाच्या झाकणात जेवायची, ते मी दोन दिवस पाहिलं होतं. जिच्यासाठी आलो, तीच मला पोचवून गेली.

आठवडाभर शुभांगी फोनवर वाट पाहत राहिली. आई ताटाचं नाव काढेना. शनिवारी येऊन बघते, तर आई झाकणातच जेवतेय.

"आई, नवं ताट कुठंय?"

"ते व्हय? देऊन आले देवळात. दुसऱ्याची वस्तू घरात कशाला, बाई?"

शुभांगीनं कपाळाला हात लावला. तशीच आईला घेऊन देवळात आली. दोघींनी ढीग उपसला. तळातून मी निघालो तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला.

देवळाच्या पायरीवर तिनं आईचं बोट धरून माझ्या काठावरून फिरवलं. "न, व, सा, बा, ई. तुझं नाव हाय, आई."

नवसाबाईनं आता एकटीनं बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे हे कुणाला परत द्यायचं नाय?"

"नाय."

ढिगात माझ्या काठाला पोचा पडला, तो आहेच. कुसाबाई अजून चिडवते, आमच्याकडं काय बी पाठवायचं तर याच ताटात पाठव, वाट चुकायचं नाय.

पोरांनो, आईला काही आणाल तर मांडणीवर ठेवून जाऊ नका. तिच्या हातात द्या, नाव वाचून दाखवा, आणि त्या दिवशी तिला आधी वाढा.

आमच्याकडं शनिवारी तसंच होतं. पहिला घास घ्यायच्या आधी नवसाबाईचं बोट माझ्या काठावरून फिरतं. कुणाला दिसत नाही असं तिला वाटतं. शुभांगी मान खाली घालून जेवत राहते.