मनकर्णाबाईच्या हातातली घंटी

“तिला काय इचारायचं? ती आता माणसात हाय का?”

हे वाक्य ओसरीवर बोललं गेलं आणि ज्यांनी ऐकायचं नव्हतं अशा दोघींनी ते ऐकलं. एक झुंबर, या घरची नवी सून. ती दाराआड कपबशा घेऊन उभी होती. दुसरी मी. मी एक पितळी घंटी बोलतेय. जिच्याविषयी हे बोलणं चाललं होतं ती मनकर्णाबाई, झुंबरची सासू, भिंतीच्या अलीकडेच बाजेवर पडलेली होती. तिनंही ऐकलं असणार. म्हणजे आम्ही तिघी झालो. पण बोलणाऱ्यानं तिला मोजलंच नव्हतं, म्हणून मीही आधी दोघीच म्हटलं.

बोलणारा मनकर्णाबाईचा नवरा सहादेव. समोर बसलेला काकासाहेब, जनावरांच्या छावणीचा ठेकेदार. विषय काय होता ते सांगते. मात्र मी सलग सांगेन अशी आशा धरू नका. एका जागी स्थिर राहणं घंटीच्या स्वभावात नाही. त्यातून त्या दिवसापासून तर मला चैनच पडेनासं झालं होतं.

माझा जन्म नगरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. फुटके तांबे, पिचकी झाकणं, कुणाच्या तरी देवघरातली मोडकी समई असं सगळं वितळून मी झाले. माझ्यात कितीतरी घरं आहेत. म्हणूनच की काय, मला लोकांच्या घरातलं ऐकायची खोड आहे.

घोडेगावच्या बैलबाजारात एका दुकानदारानं मला दोरीवर टांगलं होतं. तिथं सहादेव आला. नुकतंच एक खोंड घेतलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. मागं डोक्यावर पदर घेतलेली मनकर्णाबाई. सहादेवानं एक घंटी उचलून वाजवली, मग मला वाजवलं, आणि मागं वळून म्हणाला, “बोल, ही का ती?”

“ती रडकी हाय. ही घ्या,” मनकर्णाबाई म्हणाली.

तेव्हा तिला विचारलं जात असे. एवढंच ध्यानात ठेवा.

त्या खोंडाचं नाव चित्र्या. त्याच्या गळ्यात मी वाढले म्हणा ना. तो चालला की मी बोलायची, तो रवंथ करायला बसला की मी अर्धवट झोपेत. मनकर्णाबाई घरात भाकरी थापताना नुसत्या माझ्या आवाजावरून सांगायची, “चित्र्या बांधावर गेला बगा, हाका मारा.” माझी भाषा सगळ्यात आधी तिला कळली.

मग तो दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसला. चित्र्याला छावणीत न्यायची वेळ आली तेव्हा सहादेवानं मला त्याच्या गळ्यातून काढलं. तिथं चोरी होईल म्हणून. रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीवर मी लटकले. वारा नाही, बैल नाही. उंदीर धावला तरच माझा कंठ फुटायचा.

त्याच उन्हाळ्यात झुंबरचं लग्न झालं. वरात नाही, वाजंत्री नाही, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि गुळाचं पाणी. नवरा गोरक्ष दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेला आणि आठवड्याच्या बाजाराला तेवढा घरी दिसू लागला. सून फार कमी बोलते म्हणून गाव खूश. तिच्या गप्प बसण्याचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या वाजण्याचं कधी झालेलं मला आठवत नाही.

आणि हळद उतरते न उतरते तोच मनकर्णाबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे राहिले.

बोलता न येणाऱ्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात हे मला अजून कळलेलं नाही. भेटायला आलेला जो तो बाजेवर वाकून ठणाणा करायचा, “मनकर्णाबाई! वळखलं का!” आणि उत्तराची वाट न बघता उशाशी बसून स्वतःच्या गुडघ्यांची गोष्ट सांगायला लागायचा. झुंबर कोपऱ्यातून बघायची. तिला दिसायचं की सासूबाई पाणी मागतायत, कुणी कूस बदलून द्या म्हणतायत. पण चूल, पाणी आणि दूरच्या टँकरची रांग यात ती दर वेळी समोर असायची थोडीच?

एका सकाळी ती गोठ्यात आली, खुंटीवरची मी काढली, राखेनं घासली आणि जुन्या लुगड्याच्या काठानं बाजेच्या माचव्याला बांधली. मनकर्णाबाईच्या डाव्या हाताला येईन अशी. मनकर्णाबाईनं मला चाचपलं. ओळखलं. आणि अशी वाजवली की सहादेव बाहेरून धावत आला, “चित्र्या आला का काय?”

आता त्या बोलण्याकडे येते.

सरकारनं त्या वर्षी तालुक्यात एक सोय काढली होती. घरात खिळून पडलेल्या रुग्णाला पुसायला, कूस बदलायला, जखम धुवायला रोज एक बाई येणार आणि तिचा पगार तालुक्यावरून होणार. बाई कोण हवी ते रुग्णानं सांगायचं, असा नियम होता. पण पक्की नेमणूक होईपर्यंत कुणीही चालवून घ्या असं तालुक्यावरून म्हणाले, म्हणून आमच्याकडे हसीना यायला लागली. गनीभाई कल्हईवाल्याची बायको. पूर्वी नगरच्या एका दवाखान्यात आया होती.

हसीना काही देवमाणूस नव्हे. शेळ्यांचं उरकून उशिराच यायची, पान खायची, आणि गावाची सगळी लफडी तिच्या तोंडी. दारातूनच सुरू व्हायची.

“काय गं मनकर्णे, राती कोनाशी भांडलीस? उशी कुठं फेकलीस?”

एके काळी दोघी एका खुरपणीला जायच्या, त्यामुळे हा अधिकार. पण एक गोष्ट ती न चुकता करायची. अंगाला हात लावण्याआधी विचारायची. “फिरवू का भिताडाकडं?” आणि थांबायची. मनकर्णाबाईनं मला हातात नुसतं धरून ठेवलं तर हसीना पुढं व्हायची. मी वाजले तर हात मागं. “बरं बाई, न्हाई तर न्हाई. तोवर ऐक, सुताराच्या थोरल्यानं काय केलंय...” त्या घरात मनकर्णाबाईला ‘नाही’ म्हणता येत होतं ते माझ्यामुळे, आणि ते ऐकू येत होतं हसीनाला. तिसरी झुंबर. चूल फुंकता फुंकता तिनं हे सगळं टिपलं होतं. बोलली कुणापाशीच नाही.

मग काकासाहेबाला या सोयीचा वास लागला. छावणी होतीच हाताशी. तो म्हणाला, सगळ्या गावच्या रोग्यांचा मिळून एकच ठेका मला द्या, माझ्या बाया मी पाठवतो. नमुना म्हणून, शेजारच्या गावांत त्यानं आधीच लावलेली बायडाबाई हसीनाच्या जागी आमच्याकडे पाठवली.

बायडाबाईची निंदा माझ्या तोंडून होणार नाही. हाताला जोर, कामाला उरक, स्वच्छ. पण तिच्यामागं इतकी घरं लावलेली की दारात यायच्या आधीच ती निघालेली असायची. आली, पदर खोचला, मनकर्णाबाईला उलटी केली, पुसली, सुलटी केली. मी जिवाच्या आकांतानं वाजतेय.

“अगं आलेच हाय ना मी! परत कशाला बलावती?” बायडाबाई म्हणायची. तिला वाटायचं, घंटी म्हणजे हाक.

शेवटी ती वैतागली. “डोकं उठतंय ह्या किनकिनाटानं,” म्हणत तिनं मला सोडलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, वर, मनकर्णाबाईचे डोळे पोचतील पण हात पोचणार नाही तिथं. वरून मी बघत होते. ज्या हाताला वाजवायला काही उरलं नाही तो हात गोधडीवर नुसता उघडझाप करत होता. खुंटीवरच्या त्या सगळ्या महिन्यांत मला इतकं कासावीस झालं नव्हतं.

झुंबरनं मला परत खाली बांधलं. बायडाबाईनं ते पाहिलं आणि ती चिडली नाही. जोत्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “सूनबाई, मला काय हौस हाय व्हय दांडगाई करायची? सरकार देतंय एक आन् माज्या हातात पडतंय त्याच्या निम्मं. घरं मात्र दुप्पट. थांबून इचारत बसले तर शेवटच्या घरी दिवा लावायची येळ व्हतीय.”

झुंबरनं तिला गुळाचा खडा दिला. 

आणि मग ओसरीवरचं ते बोलणं. काकासाहेब म्हणत होता, “तात्या, उद्या तालुक्याचे सायेब येनार. तुमी पंच. तुमच्या घरनं व्हय म्हटलं की गाव म्हनतंय. एवढं ‘रोग्याला इचारलं’ म्हनून लिवायचं असतं, ते बगा.”

“तिला काय इचारायचं? ती आता माणसात हाय का?” सहादेव म्हणाला.

“मग झालं. आन् चित्र्याची काळजी सोडा. सावलीतली दावण दिलीया त्याला. चारा माज्या हातात हाय.”

ऐकलंत? मी कुणाची? चित्र्याच्या गळ्यात मी वाढले. उद्या मनकर्णाबाईच्या हातात मी ‘नाही’ म्हणून वाजले, तर तिकडं त्याच्या पुढ्यातली पेंढी कमी होणार. सहादेव वाईट माणूस नाही हो. पाऊस आला आणि दावणीला बैल नसला तर पेरायचं कशानं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दाराआड झुंबरच्या हातातल्या कपबशा मात्र बारीक किणकिणल्या. माझ्यासारख्याच.

दुसऱ्या दिवशी पारनेरच्या एस.टी.नं साहेब आले. उन्हानं लालबुंद, घाईत. बाज ओसरीवर काढलेली, तिच्याभोवती माणसं जमली. हसीना अंगणातल्या लिंबाखाली उभी होती, पान न खाता. बायडाबाई काकासाहेबाच्या मागं.

साहेब नियमाला जागले. बाजेवर वाकून, अर्थातच ओरडून, म्हणाले, “बाई! काकासाहेबांनी पाठवलेली बाई तुम्हाला चालेल ना?”

मनकर्णाबाईनं मला वाजवलं. अशी, की लुगड्याचा काठ उसवला. वाजवत राहिली. माझा लोलक सगळीकडे आपटत होता. नाही, नाही, नाही.

काकासाहेब हसला. “झालं! देवळात घंटा वाजली म्हंजी देवानं ऐकलं. घ्या लिवून सायेब, व्हकार दिला.”

माणसं हसली. साहेबांनीही हसून पेनाचं टोपण काढलं. ज्यांना ‘हो’ हवं असतं त्यांना कशातही ‘हो’ ऐकू येतं. आयुष्यात मला इतकं मोठ्यानं कधी वाजवलं नव्हतं आणि इतकं उलटं कधी ऐकलं नव्हतं.

फक्त सहादेव हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. माझ्या आवाजावरून चित्र्या कुठल्या बांधावर आहे हे सांगणाऱ्या बाईबरोबर त्यानं जन्म काढला होता. त्याला कळलं होतं. मी सांगते, त्याला कळलं होतं.

तेव्हा झुंबर दाराबाहेर आली. कपबशांचं ताट तिनं खाली ठेवलं. सासऱ्यासमोरून चालत बाजेपाशी गेली, टेकली आणि सासूच्या कानाशी म्हणाली, “आत्या, हसीनाचाची येऊ द्या का?”

मनकर्णाबाईनं मला मुठीत घेतलं. लोलकासकट, गच्च. मी गप्प. 

“म्हणजे हे काय?” साहेब म्हणाले.

झुंबर उभी राहिली. पदर कपाळावर होता तिथंच होता, पण मान वर होती. आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर बोलली.

काय बोलली ते शेवटी सांगते, कारण त्याच्यानंतर मला दुसरं काही सांगायचं नाही. पुढं काय झालं ते आधी उरकते. साहेबांनी टोपण परत लावलं. आमच्या घरी हसीना येते. गावचा एकगठ्ठा ठेका त्या दिवशी झाला नाही. साहेब घरोघर विचारायला निघाले आणि बायडाबाईच पुढं होऊन घरं दाखवू लागली. काकासाहेबानं चित्र्याला सावलीतून हलवून उन्हातल्या दावणीला बांधला. झुंबर एक दिवसाआड डोक्यावर वाळकी वैरण घेऊन छावणीपर्यंत चालते. चित्र्याची हाडं दिसतात म्हणे, पण उभा आहे. मागच्या खेपेला सहादेव तिच्या मागून भारा घेऊन गेला. 

मी बाजेला आहे. माझा एक काठ चेपलाय, आवाज जरा घोगरा झालाय. पाऊस आला की सहादेव मला परत चित्र्याच्या गळ्यात बांधायचं म्हणतो. जाईन की नाही ते मनकर्णाबाईला विचारून ठरेल. कालच त्यानं विचारलं, बाजेपाशी बसून, अजिबात न ओरडता. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. तिला घाई नाही.

तुमच्या घरात कुणी घंटी वाजवत असेल, भांडं आपटत असेल, नुसता हात हलवत असेल, तर धावत जा. पण पोचल्यावर आपलंच उत्तर तिच्या तोंडी घालू नका. माझं एवढंच मागणं.

आता झुंबरचं. ओसरीवर सगळे होते. ती सासऱ्याकडे बघून बोलली, हळू, पण लिंबाखालच्या हसीनाला ऐकू जाईल असं:

“मामंजी, आत्या माणसात हायेत. मघाधरनं त्या न्हाई म्हनत्यात आन् समदी हसत्यात. चित्र्याची वैरण मी डोक्यावर वाहीन. पर आत्याच्या अंगाला कोन हात लावनार, ते आत्याच सांगतील.”