नाव नसलेली पियाबा

मासा जेमतेम दोन पेरांएवढा. अंगावर जांभळी रेघ, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. पुस्तकात नाही, मासे परदेशी धाडणाऱ्या शेठच्या यादीत नाही. रिओ नेग्रो नदीच्या काठी त्याला पियाबा म्हणायचे, पण इथं बोटाएवढ्या झाडून साऱ्या माशांना पियाबाच म्हणतात. शेठला मासे धरून देणाऱ्या जुसिनेयाच्या लाल टेट्रा माशांच्या टबातून असले सात मासे चुकून परदेशी गेले आणि तिकडच्या काचपेट्यावाल्या शौकिनांनी शेठचं डोकं पिकवलं. आणखी पाठवा म्हणे.

म्हणून आज भर दुपारी वाल्देनोर शेठ स्वतः वाळूवर उतरला.

"बाई, ओढा कुठला तेवढं सांग. माशाला तुझं नाव देतील."

"माझं नाव मला पुरतंय, शेठ. माशाला कशाला?"

तिचा ओढा तो केवढा? गुडघाभर काळं पाणी नि चार कुजकी लाकडं. तिच्या आईच्या ओढ्याचा पत्ता असाच कुणा शेठला कळला होता. एका हंगामात वीस होड्यांनी तो खरवडून नेला, आणि आई हाय खाऊन गेली. आठवडाभरात नदी चढली असती, पाणी रानात शिरलं असतं, मासे पांगले असते. मग बसा म्हणावं शोधत. तेवढा आठवडा निभवायचा होता.

तिचा दीर ओस्मारिनो दात कोरत म्हणाला, "नको सांगूस, वहिनी. उद्या तुझ्या होडीमागं आम्ही पाच होड्या घालतो. नदी काय तुझ्या बापाची आहे?"

"नाही, भावजी. तुमच्याही नाही."

त्याच्यासोबत बसलेले पुरुष फिदीफिदी हसले. त्यांची पाच जाळी वाळूवर सुकत पसरली होती. बायका अशा जाळ्यांना लांबून वळसा घालतात. विटाळशी बाईनं जाळं ओलांडलं की पनेमा लागतो. जाळ्यात मासा फिरकत नाही, जाळंवाल्याच्या हाताचं यश जातं. उतारा म्हणजे मिरचीची धुरी, तीही नऊ दिवस.

जुसिनेयानं घागरा वर खोचला आणि पहिलं जाळं ओलांडलं. मग दुसरं. मग तिसरं.

ओस्मारिनो उठला. "वहिनी, हे काय चाललंय?"

तिनं चौथं ओलांडलं. पाचवं त्याचं होतं. त्याच्यावर ती दोन्हीकडे पाय टाकून उभी राहिली.

"आज माझा दुसरा दिवस आहे, भावजी."

"अरे, कसला खुळचटपणा हा," शेठ ओरडला. "उचला ती जाळी."

पाचांतल्या एकानंही हात पुढं केला नाही. ओस्मारिनो तर आपल्याच जाळ्यापासून दोन पावलं मागं सरकला.

जुसिनेयानं होडी पाण्यात ढकलली. "या की आता मागं," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत सरळ आपल्या ओढ्याच्या दिशेनं वल्हवू लागली.